पृष्ठवंशी भ्रूणातील कायखंड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायखंड म्हणजे नेमके काय?

पाठीचा कणा असलेला कोणताही प्राणी घेतला, मग तो मासा असो, बेडूक, साप, पक्षी किंवा माणूस, तरी त्याच्या भ्रूणात वाढीच्या अगदी सुरुवातीच्या काळात एक नळी तयार होते. तिला चेतानलिका म्हणतात आणि तिच्यापासून पुढे मेंदू व मेरुरज्जू घडतात. या नळीखाली पृष्ठरज्जू नावाची लवचीक दांडी असते, आणि नळीच्या डाव्या-उजव्या अंगाला मध्यस्तराच्या पेशींचे दोन लांबट पट्टे असतात. हे पट्टे डोक्याकडच्या टोकापासून शेपटीच्या दिशेने क्रमाक्रमाने तुटत जातात आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना एकेक ठोकळा सुटा होतो. या ठोकळ्याला सोमाइट म्हणतात. येथे त्यासाठी कायखंड हा शब्द वापरला आहे. पट्ट्याचा जो भाग अजून तुटलेला नाही त्याला आपण खंडपूर्व पट्टा म्हणू, कारण पुढची बहुतेक हकीकत त्याच पट्ट्यात घडते.

ते प्रत्यक्ष पाहता येतात का?

येतात, आणि एकदा पाहिलेले सहसा विसरले जात नाहीत. कोंबडीचे फलित अंडे सुमारे दीड दिवस उबवून कवचाला वरच्या बाजूने लहानशी खिडकी पाडली, की बलकावर पसरलेला भ्रूण समोर येतो. पण तो इतका पारदर्शक असतो की प्रथमदर्शनी काहीच दिसत नाही. म्हणून बारीक सुईने भ्रूणाच्या खाली थोडी काळी शाई सोडतात. त्या काळ्या पार्श्वभूमीवर सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता मधोमध चेतानलिका आणि तिच्या दोन्ही बाजूंना माळेत ओवल्यासारखे फिकट दाणे दिसतात. शेपटीकडे ही माळ एकाएकी संपते आणि तिथून पुढे अखंड पट्टा सुरू होतो. तिथेच नजर ठेवून दीड तास थांबले, तर त्या पट्ट्याच्या पुढच्या टोकाला आधी अस्पष्ट खाच पडते, मग ती खोल होते आणि नवी जोडी सुटी झालेली असते.

कोंबडीच्या भ्रूणाचे वय सांगताना अभ्यासक उबवणीच्या तासांवर फारसे विसंबत नाहीत, कारण दोन अंडी एकाच वेळी उबवायला ठेवली तरी त्यांची वाढ मागे-पुढे होते. त्यापेक्षा कायखंडांच्या जोड्या मोजणे खात्रीचे. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये तयार केलेल्या आणि आजही वापरात असलेल्या अवस्था-तक्त्यात सुरुवातीच्या अनेक अवस्था याच मोजणीवर बेतलेल्या आहेत. त्यातील दहावी अवस्था म्हणजे १० जोड्या, आणि ती सर्वसाधारणपणे ३३ ते ३८ तासांच्या उबवणीनंतर येते.

एक कायखंड म्हणजे एक मणका, असे समजावे का?

नाही. हा सर्वाधिक आढळणारा गैरसमज आहे. मणका दोन लगतच्या कायखंडांच्या अर्ध्या-अर्ध्या भागांतून घडतो. शिवाय कायखंडापासून मणक्याखेरीज बरेच काही बनते. दोन्ही मुद्द्यांचे सविस्तर उत्तर पुढे येईल.

कोणत्या प्राण्यात किती कायखंड तयार होतात आणि किती वेगाने?

झेब्राफिश या छोट्या माशात २८.५ अंश सेल्सिअस तापमानाला साधारण दर अर्ध्या तासाला एक जोडी तयार होते आणि एकूण तिसाहून थोड्या अधिक जोड्या होतात. कोंबडीत दर ९० मिनिटांनी एक जोडी आणि एकूण ५० हून अधिक. उंदरात सुमारे २ तासांनी एक आणि एकूण सुमारे ६५. कॉर्न स्नेक या सापात ही संख्या ३०० च्या वर जाते.

मानवी भ्रूणात पहिली जोडी फलनानंतर सुमारे २० व्या दिवशी दिसते आणि पाचव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत ४२ ते ४४ जोड्या होतात. त्यांपैकी डोक्याच्या मागच्या भागातील ४, मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि उरलेल्या ८ ते १० शेपटीच्या असतात. सर्वांत पुढची जोडी आणि शेपटीच्या टोकाकडच्या काही जोड्या नंतर नाहीशा होतात. या तारखांचा एक अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे : पहिले कायखंड पडतात तेव्हा पाळी चुकून बहुधा आठवडाही उलटलेला नसतो. कण्याची मूळ आखणी सुरू होते तेव्हा आपण गरोदर आहोत हे अनेक स्त्रियांना नुकतेच कळलेले असते किंवा कळायचे असते.

पट्टा कुठे तुटायचा, हे पेशींना कसे कळते?

या संपूर्ण विषयाचा गाभा हाच प्रश्न आहे. एकसारख्या दिसणाऱ्या हजारो पेशींच्या पट्ट्यातून समान लांबीचे तुकडे पडायचे, तेही दोन्ही बाजूंना एकाच वेळी आणि दर प्रजातीत ठरलेल्या संख्येने, तर मोजमाप कुठेतरी असलेच पाहिजे. जोनाथन कुक आणि गणितज्ञ क्रिस्टोफर झीमन यांनी १९७६ मध्ये सुचवले की हे मोजमाप अंतराचे नसून वेळेचे असावे.

त्यांची कल्पना अशी. खंडपूर्व पट्ट्यातील प्रत्येक पेशीत एक घड्याळ चालू आहे आणि शेजारच्या पेशींची घड्याळे एका तालात आहेत. त्याच वेळी पट्ट्यावरून एक अदृश्य सीमा डोक्याकडून शेपटीकडे सरकते आहे. ही सीमा ज्या पेशींना ओलांडून जाते त्या पेशी खंड होण्यास पात्र ठरतात, पण प्रत्यक्षात तुकडा पडतो तो घड्याळाचा ठोका पडेल तेव्हाच. म्हणजे दोन ठोक्यांच्या दरम्यान सीमेने जेवढे अंतर कापले तेवढ्या पेशी मिळून एक कायखंड बनतो. खंडाची लांबी म्हणजे सीमेचा वेग गुणिले घड्याळाचा आवर्तकाल. सीमा वेगाने सरकली तर खंड मोठे, घड्याळ जलद चालले तर खंड लहान. वेळेचे अंतरात रूपांतर करण्याची ही रीत जितकी साधी आहे तितकीच ती दूरवर लागू पडते, आणि माझ्या मते गणिताने भ्रूणविज्ञानाला दिलेल्या कल्पनांमध्ये हिची बरोबरी करणाऱ्या फार थोड्या आहेत. तरीही जवळजवळ दोन दशके ती कागदावरच राहिली, कारण असे घड्याळ कोणी पाहिले नव्हते.

मग घड्याळ सापडले कसे?

१९९७ मध्ये इझाबेल पाल्मेरिम, ऑलिव्हिए पुर्किए आणि त्यांचे सहकारी कोंबडीच्या भ्रूणात सी-हेअरी-१ या जनुकाचा अभ्यास करत होते. पेशीत एखादे जनुक चालू आहे की बंद हे रंगाच्या साहाय्याने दाखवता येते, पण त्यासाठी भ्रूण मारावा लागतो. म्हणजे हाती येते ते एका क्षणाचे स्थिर चित्र. त्यांना एकाच वयाच्या भ्रूणांत वेगवेगळी चित्रे मिळत होती. कुणात रंग शेपटीच्या टोकाला पसरलेला, कुणात मधल्या भागात, तर कुणात पुढच्या टोकाशी अरुंद पट्टी बनून राहिलेला.

हा विस्कळीतपणा आहे की क्रम आहे, हे ठरवण्यासाठी त्यांनी केलेला प्रयोग आजही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा असा आहे. त्यांनी भ्रूणाचा मागचा भाग मधोमध चिरून डावा आणि उजवा असे दोन भाग केले. एक भाग लगेच रसायनाने त्याच अवस्थेत स्थिर केला आणि दुसरा ठरावीक वेळ जिवंत वाढू दिला. काही वेळाने पाहिले तर दोन भागांतील चित्रे वेगळी होती. मात्र बरोबर ९० मिनिटांचे अंतर ठेवले तेव्हा दोन्ही चित्रे पुन्हा जुळली. फरक इतकाच, की दुसऱ्या भागात दरम्यान एक कायखंड वाढला होता. जनुकाच्या चालू-बंद होण्याचे एक आवर्तन म्हणजे एक कायखंड, हे त्यातून स्पष्ट झाले.

हा रंग शेपटीकडून पुढे सरकताना दिसतो म्हणून पेशीच पुढे जात असाव्यात असे वाटू शकते. तसे नाही. वाऱ्याने उभ्या पिकावरून लाट जाते तेव्हा कणसे जागची हलत नाहीत, प्रत्येक ताट आपल्या पाळीने वाकते आणि सरळ होते. तसेच इथे प्रत्येक पेशी आपल्या पाळीने जनुक चालू करते आणि बंद करते. पुढच्या टोकाकडे हा ताल मंदावत जातो आणि जिथे लाट थांबते तिथे पुढचा खंड पडतो.

हे घड्याळ कशाचे बनलेले आहे?

त्याचे मूळ यंत्र आश्चर्य वाटावे इतके लहान आहे. उंदरात हेस-७ आणि झेब्राफिशमध्ये हर-१ व हर-७ ही जनुके या यंत्राच्या केंद्रस्थानी आहेत. जनुकावरून संदेश उतरतो, संदेशावरून प्रथिन बनते, आणि हे प्रथिन केंद्रकात परत जाऊन आपल्याच जनुकाला बंद करते. जनुक बंद झाले की नवे प्रथिन बनत नाही, असलेले प्रथिन झपाट्याने विघटित होते, बंधन सुटते आणि जनुक पुन्हा चालू होते. एका फेरीला किती वेळ लागेल हे संदेश तयार होणे, त्याची छाटणी, त्याचा केंद्रकाबाहेरचा प्रवास आणि प्रथिनाची घडण व विघटन या टप्प्यांना लागणाऱ्या विलंबावर ठरते.

हा विलंब किती काटेकोर असावा लागतो ते उंदरांवरील दोन प्रयोगांतून दिसले. हेस-७ प्रथिनाचे अर्धायुष्य सुमारे २२ मिनिटे असते. त्यात एकच बदल करून ते सुमारे ३० मिनिटे केले, तर पहिली काही आवर्तने जेमतेम पार पडून पुढे सगळा ताल बिघडला आणि कायखंड एकमेकांत मिसळले. केवळ आठ मिनिटांच्या वाढीने हा फरक पडला. दुसऱ्या प्रयोगात या जनुकातील इन्ट्रॉन, म्हणजे संदेशातून छाटून टाकले जाणारे तुकडे, आधीच काढून टाकले. प्रथिन तेच राहिले, पण छाटणीचा विलंब वाचला आणि आवर्तनेच थांबली. निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या तुकड्यांचे काम इथे वेळ खाणे हेच होते.

शेजारच्या पेशी एका तालात कशा राहतात?

प्रत्येक पेशीचे घड्याळ स्वतंत्रपणे चालू शकते. झेब्राफिशमधून सुट्या काढलेल्या पेशी एकट्यानेही ठोके देत राहतात, मात्र त्यांच्या ठोक्यांत थोडी अनियमितता असते. शरीरात हे विचलन नॉच नावाच्या संदेशप्रणालीमुळे सावरले जाते. एका पेशीच्या पृष्ठभागावरील डेल्टा हे प्रथिन शेजारच्या पेशीवरील नॉच प्रथिनाला स्पर्श करते आणि आपल्या घड्याळाची स्थिती तिला कळवते.

ही जोडणी तुटली तर काय होते, याचे उदाहरण झेब्राफिशच्या एका उत्परिवर्तित वाणात दिसते. त्याचे डेल्टा-डी जनुक निकामी असते आणि त्याला ‘आफ्टर एट’ असे नाव आहे, कारण त्यात पहिले सात ते नऊ कायखंड व्यवस्थित पडतात आणि त्यानंतरचे विस्कटतात. याचा अर्थ असा लावला गेला की सुरुवातीला सर्व पेशींची घड्याळे एकत्रच सुरू होतात, म्हणून काही फेऱ्या जमून जातात. पुढे एकमेकींची चाहूल नसल्याने त्या हळूहळू मागे-पुढे होतात आणि शेवटी ताल उरत नाही.

सरकती सीमा म्हणजे काय? ती कोण ठरवते?

शेपटीच्या टोकाशी असलेल्या पेशी एफजीएफ-८ आणि डब्ल्यूएनटी-३ए ही शेजारच्या पेशींना संदेश देणारी प्रथिने निर्माण करतात. टोकाशी त्यांचे प्रमाण सर्वाधिक आणि पुढे जावे तसे ते उतरत जाते. प्रमाण अधिक असेपर्यंत पेशी कच्च्या अवस्थेत राहतात. ते ठरावीक पातळीखाली उतरले की खंड होण्याची मुभा मिळते. उलट दिशेने, तयार झालेल्या कायखंडांकडून रेटिनॉइक आम्ल येते. हे अ जीवनसत्त्वापासून बनणारे द्रव्य एफजीएफचा प्रभाव आवरते. शरीर मागच्या बाजूने लांबत जाते तसा संदेशांचा उगमही मागे सरकतो आणि त्याबरोबर सीमाही मागे जाते.

२००१ मध्ये एफजीएफ-८ मध्ये भिजवलेला बारीक मणी कोंबडीच्या खंडपूर्व पट्ट्यालगत ठेवून पाहिले गेले. मण्यामुळे सीमेचे मागे जाणे अडखळले आणि तिथले कायखंड नेहमीपेक्षा लहान पडले. कुक आणि झीमन यांच्या गुणाकारावरून हेच भाकीत निघत होते.

प्रत्यक्ष तुकडा सुटा कसा होतो?

घड्याळ आणि सीमा यांचा मेळ बसला की पुढच्या खंडाच्या पट्टीत मेस्प-२ हे जनुक चालू होते. ते नव्या खंडाचा पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा यांच्यात भेद निर्माण करते आणि दोन खंडांमधील हद्द आखते. हद्दीच्या दोन बाजूंना ईएफ आणि एफ्रिन या प्रथिनांच्या जोड्या येतात, ज्या एकमेकींच्या संपर्कात आल्या की पेशी मागे सरतात. भेग पडते. मग खंडाच्या बाहेरच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या राहतात आणि आत थोड्या सैल पेशी असलेला पोकळ गोळा बनतो. खंडाचे पुढचा आणि मागचा असे दोन अर्धे असतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी. मणक्यांचा उलगडा तिच्यावरच अवलंबून आहे.

भ्रूण लहान असला किंवा थंडीत वाढला तर कायखंड कमी पडतात का?

पडत नाहीत. कुक यांनी १९७० च्या दशकात बेडकाच्या भ्रूणांतील काही पेशी काढून त्यांना लहान केले, तेव्हा कायखंडांची संख्या तीच राहिली आणि प्रत्येक खंड मात्र लहान झाला. झेब्राफिश कमी तापमानात वाढवला तर घड्याळ मंदावते, पण शरीराची वाढ आणि सीमेची चाल हीही त्याच प्रमाणात मंदावतात, म्हणून खंडाचा आकार फारसा बदलत नाही.

सापात इतके कायखंड का?

कॉर्न स्नेकमध्ये नवी जोडी साधारण १०० मिनिटांनी पडते, म्हणजे कोंबडीपेक्षाही किंचित सावकाश. मग शेकडो खंड येतात कुठून? सापाच्या भ्रूणाची वाढ मुळातच संथ असते, त्यामुळे वाढीच्या वेगाशी तुलना केली तर त्याचे घड्याळ उंदराच्या मानाने कितीतरी जलद ठरते. पट्टा थोडाच सरकतो तोच पुढचा ठोका पडतो, म्हणून खंड लहान आणि पुष्कळ. त्याच्या खंडपूर्व पट्ट्यात एका वेळी जनुकाच्या अनेक पट्ट्या एकामागोमाग सरकताना दिसतात. कोंबडीत वा उंदरात त्या एक ते तीनच असतात. शिवाय सापात खंडपूर्व पट्टा आटायला वेळही जास्त लागतो. घड्याळ बदलले की शरीराची रचना बदलते, याचा निसर्गाने केलेला हा प्रयोग आहे.

कायखंडाचे पुढे काय होते?

तयार झाल्यावर गोळा फार काळ गोळा राहत नाही. त्याच्या कोणत्या बाजूला कोणता शेजारी आहे यावर त्याच्या पेशींचे भवितव्य ठरते. खाली आणि आतल्या बाजूला पृष्ठरज्जू असते. तिच्याकडून आणि चेतानलिकेच्या तळाकडून सॉनिक हेजहॉग हा संदेश येतो. तो मिळालेल्या पेशी पॅक्स-१ जनुक चालू करतात, एकमेकींपासून सुटतात आणि पृष्ठरज्जूभोवती गोळा होऊन पुढे मणके व बरगड्या घडवतात. या भागाला स्क्लेरोटोम म्हणतात. वरच्या बाजूच्या पेशींना त्वचेचा थर आणि चेतानलिकेचा माथा यांच्याकडून डब्ल्यूएनटी संदेश मिळतात. त्यांपासून पाठीचे स्नायू आणि पाठीच्या त्वचेचा आतला थर बनतो. स्नायू आणि हाडे यांच्या मधोमध असलेल्या पट्टीतून दोघांना जोडणारे टेंडन येतात.

काही पेशी मात्र दूर प्रवासाला निघतात. हातापायांचे सगळे स्नायू कायखंडांतून बाहेर पडलेल्या पेशींपासून बनतात. श्वासपटलाचे स्नायू मानेच्या कायखंडांतून, तर जिभेचे बहुतेक स्नायू डोक्यामागच्या कायखंडांतून येतात. हे स्थलांतर निर्विवादपणे दाखवता आले ते निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये विकसित केलेल्या पद्धतीमुळे. लावा पक्ष्याच्या पेशींचे केंद्रक कोंबडीच्या पेशींहून वेगळे दिसते; म्हणून लाव्याचा कायखंड कोंबडीच्या भ्रूणात बसवला, की पंखाच्या टोकापर्यंत गेलेली प्रत्येक स्थलांतरित पेशी ओळखता येते.

मणके अर्ध्या खंडाने का सरकतात?

रोबेर्ट रेमाक यांनी १८५० च्या दशकात कोंबडीच्या भ्रूणात ही गोष्ट मांडली. एका कायखंडाच्या स्क्लेरोटोमचा मागचा अर्धा आणि पुढच्या क्रमांकाच्या खंडाचा पुढचा अर्धा एकत्र येऊन एक मणका बनतो. स्नायू मात्र मूळ खंडाच्या हद्दीतच राहतात. परिणामी प्रत्येक स्नायुखंडाची दोन टोके दोन वेगळ्या मणक्यांना लागतात. तसे नसते, तर स्नायू एकाच मणक्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला बांधलेला राहिला असता आणि आकुंचन पावून काहीच हलले नसते. कणा वाकू शकतो तो या अर्ध्या घराच्या सरकण्यामुळे.

मज्जातंतूंची व्यवस्थाही यातूनच येते. १९८४ मध्ये कीन्स आणि स्टर्न यांनी दाखवले की मेरुरज्जूतून निघणारे तंतू प्रत्येक कायखंडाच्या पुढच्या अर्ध्यातूनच बाहेर पडतात. मागचा अर्धा त्यांना मज्जाव करतो. त्यांनी चेतानलिकेचा तुकडा उलटा बसवला तरी तंतूंनी वाट बदलली नाही, पण खंडपूर्व पट्टा उलटा बसवल्यावर वाट बदलली. म्हणजे मेरुरज्जूला स्वतःची खंडरचना नाही. ती कायखंडांकडून उसनी मिळते.

शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला पडणारे एक कोडेही इथे सुटते. मानेचे मणके ७, पण मानेचे मज्जातंतू ८ कसे? मानेचे कायखंड ८ असतात आणि प्रत्येकातून तंतूंची एक जोडी निघते. मात्र पहिल्या खंडाचा पुढचा अर्धा कवटीच्या मागच्या हाडाला जाऊन मिळतो, त्यामुळे मणका घडवायला अर्ध्यांच्या ७ जोड्याच उरतात.

सगळे कायखंड सारखेच दिसतात. मग मानेच्या मणक्याला बरगडी का फुटत नाही?

प्रत्येक खंडाला आपला क्रमांक आधीच ठाऊक असतो. १९७० च्या दशकात कोंबडीच्या भ्रूणात छातीच्या पातळीवरचे खंडपूर्व ऊतक मानेत बसवले गेले, तेव्हा मानेत बरगड्या उगवल्या. हा क्रमांक हॉक्स जनुके ठरवतात. सस्तन प्राण्यांत अशी ३९ जनुके चार समूहांत असतात आणि समूहात ती ज्या क्रमाने मांडलेली असतात त्याच क्रमाने भ्रूणात डोक्याकडून शेपटीकडे कामाला लागतात. डेनीन वेलिक आणि मारिओ कापेकी यांनी २००३ मध्ये उंदरातील दहाव्या गटाची सर्व हॉक्स जनुके एकत्र निकामी केली, तेव्हा कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या आल्या. म्हणजे बरगडी फुटणे ही मूळ प्रवृत्ती आहे आणि कमरेत ती मुद्दाम दाबली जाते. काही माणसांना मानेच्या सातव्या मणक्याला जादा बरगडी असते, तीही याच आखणीतील लहानशी सरमिसळ होय.

बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांत मानेचे मणके ७ च असतात, मग तो उंदीर असो वा जिराफ. स्लॉथ आणि मॅनाटी हे त्याला ठळक अपवाद आहेत.

डोकेही कायखंडांपासून बनते का?

थोडेसेच. कवटी म्हणजे रूपांतरित मणके, अशी कल्पना ग्योथे आणि ओकेन यांनी मांडली होती आणि टी. एच. हक्स्ली यांनी १८५८ मध्ये ती खोडून काढली. ते योग्यच होते. पण कवटीचा अगदी मागचा भाग, जिथे ती कण्यावर टेकते, तो खरोखरच कायखंडांपासून घडतो.

ही प्रक्रिया बिघडली तर माणसात काय दिसते?

बिघाड एखाद्या ठिकाणी असेल तर एका बाजूचा अर्धाच मणका तयार होतो, किंवा दोन मणके एकमेकांना जोडलेले राहतात. अर्धा मणका पाचरीसारखा बसतो आणि मूल वाढते तसा कणा एका बाजूला वळत जातो. याला जन्मजात स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयात मुलींमध्ये अधिक दिसणारा स्कोलिओसिस हा वेगळा, त्यात मणक्यांची मूळ घडण सहसा ठीक असते. मानेचे मणके जोडलेले राहिल्यास क्लिपेल-फाइल असे निदान होते.

बिघाड संपूर्ण घड्याळाचा असेल तर स्पाँडिलोकॉस्टल डिसोस्टोसिस हा दुर्मीळ विकार होतो. त्यात कणा आखूड, बरगड्या जुळलेल्या वा अनियमित आणि छाती लहान असते, त्यामुळे नवजात बाळाला श्वास अपुरा पडू शकतो. या विकारास कारणीभूत म्हणून सापडलेल्या जनुकांची नावे पाहिली, की प्रयोगशाळेतील मासा, कोंबडी आणि उंदीर यांचा माणसाशी असलेला संबंध स्पष्ट होतो : डीएलएल-३, मेस्प-२, एलएफएनजी, हेस-७. ही वर वर्णन केलेल्या यंत्राचीच चक्रे आहेत. डीएलएल-३ बिघडलेल्या बाळाच्या क्ष-किरण चित्रात मणके चौकोनी न दिसता नदीकाठच्या गुळगुळीत गोट्यांसारखे वेगवेगळ्या आकारांचे आणि ओळ सोडून पडलेले दिसतात.

जन्मजात मणकेदोष आढळला की डॉक्टर मूत्रपिंड आणि हृदय यांचीही तपासणी करायला सांगतात, आणि पालक घाबरतात. यामागचे कारण सरळ आहे : हे अवयव भ्रूणात त्याच सुमारास आकार घेत असतात, आणि मूत्रपिंडे ज्या ऊतकातून येतात ते तर कायखंडांना अगदी लागून असते. तपासणीचा अर्थ दोष असणारच असा नाही. तो असल्यास लवकर कळावा इतकाच तिचा हेतू असतो.

असे दोष आईच्या चुकीमुळे होतात का?

हा प्रश्न बहुधा अपराधी भावनेतून येतो, म्हणून उत्तर स्पष्ट असावे : बहुतेक वेळा आईने केलेल्या किंवा न केलेल्या कोणत्याही गोष्टीकडे बोट दाखवता येत नाही. काही घटक धोका वाढवतात हे खरे. गर्भधारणेपूर्वीपासून असलेला आणि नियंत्रणात नसलेला मधुमेह हा त्यांतील एक. उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले की नॉच प्रणालीतील एखाद्या जनुकाची एकच प्रत बिघडलेली असताना भ्रूणाला थोडा काळ प्राणवायू कमी मिळाला, तर मणकेदोषांचे प्रमाण आणि तीव्रता वाढते. जनुक आणि परिस्थिती एकत्र येतात तेव्हा दोष उमटतो.

फॉलिक आम्लाबद्दल नेहमी विचारले जाते. त्याचा सिद्ध झालेला उपयोग चेतानलिका नीट मिटण्यासाठी आहे, आणि ती फलनानंतर सुमारे २८ व्या दिवसापर्यंत मिटते. स्पायना बायफिडामध्ये मणक्याची कमान उघडी राहते ती प्रामुख्याने नळी न मिटल्यामुळे, कायखंड न पडल्यामुळे नव्हे. दोन्ही घटना एकाच काळात आणि एकमेकींच्या शेजारी घडत असल्या तरी त्या वेगळ्या आहेत. फॉलिक आम्ल गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावे असे सांगितले जाते, कारण हा काळ गर्भधारणा कळेपर्यंत बराचसा निघून गेलेला असतो.

मोठ्या माणसाच्या शरीरात या खंडांच्या खुणा उरतात का?

कणा, बरगड्या आणि त्यांच्यामधील स्नायू या तर उघड खुणा आहेत. त्वचेवरची खूण एरवी दिसत नाही, पण नागीण झाली की दिसते. कांजिण्यांचा विषाणू मेरुरज्जूलगतच्या एखाद्या चेतागुच्छात वर्षानुवर्षे दडून राहतो आणि जागा झाल्यावर त्याच एका गुच्छाच्या तंतूंनी त्वचेवर येतो; म्हणून फोडांचा पट्टा पाठीपासून छातीपर्यंत एका बाजूनेच वळतो आणि मध्यरेषेपाशी थांबतो. हे गुच्छ एकेक सुटे असतात, कारण त्यांच्या मूळ पेशीही कायखंडांच्या पुढच्या अर्ध्यांतूनच वाट काढतात. भ्रूणावस्थेतील चौथ्या-पाचव्या आठवड्यातील आखणी अशी कित्येक दशकांनी त्वचेवर उमटते.

कीटकांचे खंडही असेच पडतात का?

फळमाशीत नाही. तिच्या भ्रूणात सगळे खंड जवळजवळ एकाच वेळी आखले जातात आणि आवर्तनांचे घड्याळ लागत नाही. पण कोंबडीतील सी-हेअरी-१ हे फळमाशीच्या खंडरचनेत भाग घेणाऱ्या हेअरी या जनुकाच्याच कुळातील आहे, आणि पिठात सापडणाऱ्या ट्रायबोलियम या किड्यात तर २०१२ मध्ये आवर्तनाने चालू-बंद होणारी जनुकेही आढळली. त्याचे खंड पुढून मागे क्रमाने पडतात.

मानवी भ्रूणावर प्रयोग न करता माणसाचे घड्याळ कसे मोजले?

मूलपेशींच्या आधारे. मानवी मूलपेशींना योग्य संदेश देऊन खंडपूर्व पट्ट्याच्या पेशींसारख्या पेशी बनवता येतात, आणि हेस-७ चालू झाले की प्रकाश देईल असे चिन्ह त्यात जोडता येते. २०२० च्या सुमारास अशा बशीत वाढवलेल्या पेशी ठरावीक अंतराने उजळताना आणि मंदावताना दिसल्या. त्यांचा आवर्तकाल सुमारे ५ तास होता, तर त्याच पद्धतीने वाढवलेल्या उंदराच्या पेशींचा २ ते ३ तास.

फरक कशामुळे, हे शोधताना उंदराच्या पेशींत मानवी हेस-७ जनुक घातले गेले. घड्याळ उंदराच्याच वेगाने चालले. म्हणजे मंदपणा त्या जनुकाच्या अक्षरांत लिहिलेला नव्हता. मानवी पेशीत प्रथिने बनण्याच्या आणि विघटित होण्याच्या क्रियाच सावकाश चालतात आणि त्यांच्या वेगाने घड्याळाचा वेग ठरतो. पुढे ससा, गाय, गेंडा यांसारख्या प्राण्यांच्या मूलपेशींवर हीच मोजणी झाली, तेव्हा आवर्तकालाचा मेळ प्राण्याच्या वजनाशी बसला नाही. तो बसला त्या प्राण्याच्या भ्रूणावस्थेच्या कालावधीशी. त्यानंतर अशा पेशींपासून त्रिमितीय रचनाही वाढवल्या गेल्या, ज्यांत मधोमध लांबत जाणारा पट्टा आणि त्याच्या पुढच्या टोकाला एकामागून एक सुटे होणारे मानवी कायखंड सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहता येतात.